चौथी सीट

लोकलच्या लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी कशी बसते, हे मुंबईबाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. चौथी येते, तोंडानं काही बोलत नाही, नुसता माशी वारल्यासारखा हात हलवते आणि तिघी कुरकुरत सरकतात. तिच्या वाट्याला वीतभर जागा येते, एक मांडी अधांतरीच राहते, वळणावर पाय रोवून तोल सावरावा लागतो. तरी ती बसलेली असते. संध्याकाळच्या बदलापूर फास्टमध्ये बसलेल्या आणि उभ्या या दोन वेगळ्या जाती असतात, हे रोज जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

मी तीस वर्षं त्या गाडीनं गेले. आमचा ग्रुप होता. दसऱ्याला डबा सजवायचा, संक्रांतीला गाडीतच हळदीकुंकू, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की डब्यात पेढे. आणि भाजी. दादरला घेतलेली मेथी कल्याणपर्यंत निवडून व्हायची, घरी गेलं की थेट फोडणी. मांडीवर वर्तमानपत्र, एका बाजूला पानं, एका बाजूला काड्या. या कामाचा एक मोठा फायदा म्हणजे मान खाली असते.

जानेवारी २०१३ ची गोष्ट. दिल्लीच्या त्या बसमधल्या प्रकाराला महिना होत आला होता आणि डब्यात दुसरा विषय नव्हता. ती मुलगी आणि तिचा मित्र रस्त्यावर पडलेले असताना गाड्या बाजूनं निघून जात होत्या, कुणी थांबत नव्हतं, हे त्या मित्रानं सांगितलेलं आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. ‘माणसं बघत कशी राहतात गं?’ हे वाक्य त्या महिन्यात मी किती वेळा ऐकलं आणि किती वेळा स्वतः म्हटलं, याचा हिशेब नाही.

घाटकोपरला ती चढली. अबोली रंगाचा पंजाबी ड्रेस, खांद्याला पर्स, हातात कापडी पिशवी. पावडरीखाली हनुवटीवर हिरवट छटा. टाळी वाजवली नाही, पैसे मागितले नाहीत. कडीला धरून उभी राहिली, आमच्यासारखीच दिवसभराची दमलेली.

‘जेन्ट्समध्ये जा ना,’ दारातून एकजण म्हणाली. ती गप्प. ‘ओ भाऊ, तुम्हालाच सांगतेय.’ या ‘भाऊ’वर डबा हसला. मग कुणीतरी मोबाइल वर धरला. कुणी म्हणालं, आमच्या मुली असतात डब्यात. ती एकदाच बोलली, ‘ताई, तिकडे त्रास देतात ओ.’ आवाज घोगरा होता. त्या आवाजावर पुन्हा हशा.

मी पण हसले. मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात, समोरची हसली म्हणून. हे वाक्य लिहायला मला बारा-तेरा वर्षं लागली आहेत.

ठाण्याला उतरणाऱ्यांचा लोंढा दाराशी आला तेव्हा दोघीतिघींनी तिला त्या लोंढ्यात ढकललं. ‘उतर, उतर चल.’ ती गुडघ्यांवर प्लॅटफॉर्मवर पडली, कुणाचा तरी पाय तिच्या ओढणीवर होता, आणि गाडी सुटली. मी खिडकीतून पाहिलं. मग मेथी पाहिली.

कळवा मागे पडल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की वरच्या रॅकवर एक कापडी पिशवी आहे. कुणाची? कुणाचीच नाही. २००६ च्या स्फोटांनंतर बेवारस पिशवी म्हणजे काय, हे आम्हाला शिकवावं लागत नव्हतं. अख्खा डबा उभा राहिला. एकीनं हेल्पलाइनला फोन लावला, दुसरीनं बाकीच्यांना मागे सारलं, तिसरी मोटरमनला कळवा म्हणून ओरडली. कोण कुणाची ओळखीची, कोण नाही, कुणी पाहिलं नाही. डोंबिवलीला आरपीएफचा जवान चढला, त्यानं पिशवी उघडली. स्टीलचा डबा, त्यात दोन उरलेल्या पोळ्या, प्लास्टिकच्या कागदात लोणच्याची फोड.

माणूस ढकलला गेला तेव्हा आमच्यातली एकही उठली नव्हती. डब्यासाठी ऐंशी जणी उठल्या.

*

समोर काही घडत असताना माणसं का बघत राहतात यावर अभ्यास झाले आहेत, हे मला फार नंतर कळलं. १९६४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोवीज नावाच्या तरुणीचा खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कुणी काही केलं नाही, अशी बातमी छापून आली. त्या बातमीनं हादरून जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. इंटरकॉमवरून शेजारच्या खोलीतल्या माणसाला फिट आल्याचा आवाज ऐकवायचा आणि ऐकणारा मदतीला उठतो का ते पाहायचं. आपल्याशिवाय दुसरं कुणीच ऐकत नाही असं ज्यांना वाटत होतं त्यांतले ८५ टक्के उठले. आणखी चारजण ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं त्यांतले ३१ टक्केच. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हे वाचल्यावर मला बरं वाटलं, खरं सांगते. ऐंशी जणींत माझ्या वाट्याला किती आली असेल? पण पुढचंही वाचलं. अडतीस जणांची ती बातमीच फुगवलेली होती. बहुतेकांनी खून पाहिलाच नव्हता, काहींनी नुसता आवाज ऐकला होता, आणि एक शेजारीण तर खाली जाऊन त्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिच्याबद्दल बातमीत काही नव्हतं. आणि अलीकडे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथली रस्त्यावरच्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही चित्रणं तपासली, तर दहातल्या नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलेलं दिसलं. म्हणजे माणसं बघत राहतात हे काही निसर्गानं लिहून ठेवलेलं नाही.

मग आम्ही का बसून राहिलो? माझं उत्तर त्या प्रयोगात बसत नाही. प्रयोगातली माणसं एकमेकांना अनोळखी होती. आम्ही एकमेकींच्या सुनांची नावं ओळखत होतो. दुसरं कुणीतरी उठेल, असं मला वाटलंच नाही. मला भीती होती ती ग्रुपची. ‘हिला काय पुळका आला’ असं कुणी म्हणालं असतं, आणि उद्या जागा धरून ठेवणारी धरली नसती. इतकं साधं होतं ते. जागा जाईल म्हणून मी गप्प बसले. त्या दिवशी गुन्हा करणाऱ्या तीनच होत्या, पण त्यांना डबा आपला आहे हे आमच्या हसण्यावरून समजलं.

*

‘आमच्या मुली असतात डब्यात’ या वाक्यात नेमकी कसली भीती होती, हे मी पुष्कळदा घोळवलं आहे. ती काही आमच्या डब्यात तयार झालेली नव्हती. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आपल्याकडे त्याची आठवण पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींमुळे आहे. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात लागू केलेला. मुलं पळवण्याचा संशय असलेल्यांची नोंदवही ठेवायची, आणि नोंदलेला माणूस रस्त्यात बाईच्या वेषात, दागिने घालून दिसला तर वॉरंटशिवाय अटक. शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

तो कायदा गेला, संशय राहिला. मे २०१८ मध्ये मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या, तेव्हा हैदराबादच्या जुन्या भागात जमावानं एका तृतीयपंथी व्यक्तीला ठेचून मारलं. पुढे महिन्याभरानं, १ जुलैला, त्याच अफवेपायी आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकरी मारले गेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. भटका, भिकारी, हिजडा. दीडशे वर्षांपूर्वीच्या नोंदवहीतली आणि मोबाइलमधली यादी इतकी सारखी निघावी, हे मला अजून पचत नाही.

आता उलट बाजू. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात निकाल दिला. आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, असं त्यात म्हटलं. त्या खटल्यात तृतीयपंथींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी होत्या, गौरी सावंत होत्या, दोघी आपल्याच ठाण्या-मुंबईकडच्या. मग २०१९ मध्ये संसदेनं कायदा केला. त्याच्या अठराव्या कलमात तृतीयपंथी व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी जाण्यापासून अडवणं, घरातून किंवा गावातून हाकलणं, आणि शारीरिक, लैंगिक, शाब्दिक, मानसिक छळ करणं हे गुन्हे ठरवले. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. लैंगिक अत्याचारालासुद्धा तितकीच, म्हणून तेव्हा तृतीयपंथी समाजातल्या लोकांनी आरडाओरडा केला होता. बाईवर बलात्कार केला तर तेव्हाच्या कायद्यात किमान दहा वर्षं होती.

मला त्या दोन वर्षांच्या आकड्याचं नवल वाटतं. १८७१ मध्ये तिनं साडी नेसून रस्त्यावर यायला दोन वर्षं. २०१९ मध्ये तिची साडी कुणी फेडली तर दोन वर्षं.

*

मला शहाणपण शिकवलं ते एका कोळणीनं. हे बहुधा २०१६ चं असेल. भांडुपला ती रिकामी पाटी घेऊन चढली. खरं तर तिनं मालडब्यात जायचं, पण गाडी धरायच्या घाईत आमच्यात घुसली होती आणि आमच्या ग्रुपनं पदर नाकाला लावले होते. कोळणींना हे रोजचं आहे. वास येतो म्हणून त्यांना आम्ही किती वेळा दाराशी उभं केलंय, ते वेगळंच प्रकरण आहे. त्याच डब्यात मुलुंडला एक तृतीयपंथी चढली, मंगतीवाली, म्हणजे गाडीत पैसे मागणारी. दोन कॉलेजच्या मुली फिदीफिदी करायला लागल्या. एकीनं तिच्या गजऱ्याला हात घातला.

कोळीण त्या मुलींकडे वळलीसुद्धा नाही. तिनं पाटी पायाशी घेतली, शेजारी हात आपटला आणि म्हणाली, ‘ये गो बाय, बस हिकरं. गजरा कवऱ्याला घेतलास?’

झालं. ती बसली. दोघी गजऱ्याच्या भावावर बोलायला लागल्या, मग सुरमईच्या, मग कोळणीच्या गुडघ्याच्या. मुलींच्या हातात खेळच उरला नाही. जिला हसायचं तिला कुणीतरी भाव विचारत असेल, तर हसणारं माणूस जरा येड्यासारखं दिसतं. दिव्यापर्यंत त्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसल्या होत्या.

पुढे माझ्या भाचीनं मला सांगितलं की याला आता नावं आहेत, प्रशिक्षणं आहेत. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेली एक संस्था, पूर्वी होलाबॅक नावाची, आता राइट टू बी, रस्त्यावरच्या छळात बघणाऱ्यानं काय करावं याच्या पाच वाटा शिकवते. लक्ष दुसरीकडे वळवणं, कुणाची तरी मदत घेणं, नोंद ठेवणं, नंतर जाऊन विचारपूस करणं आणि अगदी शेवटी, जमेल तर, तोंडावर अडवणं. मी तिला म्हटलं, पहिली वाट मला माहीत आहे. भांडुपला चढते.

*

पण नुसतं पाहून जमत नाही. दोन वर्षांनी माझी पाळी आली आणि मी ती चांगलीच घालवली.

एका मोठ्या स्टेशनबाहेरचा पादचारी पूल. रात्रीचे नऊ. चार पोरं एका तृतीयपंथीचा पदर ओढत होती, एकजण पाकिटातली नोट दाखवून मागे घेत होता. माझ्यात तेव्हा पाच वर्षांचं साचलेलं होतं. मी जी ओरडले ती! ‘लाज वाटत नाही का, आईबहिणी नाहीत का’ वगैरे सगळं. गर्दी जमली. गर्दीत पोरांना आणखी चेव आला. एकानं तिला धक्का दिला, एकानं मला ‘आज्जी’ म्हणून अशी काही शिवी दिली की ती मी इथे लिहीत नाही. मग एक हवालदार आले. पोरं पांगली. हवालदारांनी नाव-गाव विचारलं ते तिला. भीक मागतेस का, इथे का उभी राहतेस, पुन्हा दिसलीस तर बघ. मला म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही कशाला मध्ये पडता, जा घरी.’

तिला मी चहाच्या टपरीवर नेलं. आभाराची अपेक्षा होती मला, खोटं कशाला बोलू. ती बशीत चहा ओतून फुंकर घालत होती.

‘काकू, तुम्ही चांगल्या मनानं केलं,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही आता गाडी पकडाल. मला उद्या इथंच उभं राहायचंय. ती पोरं पण इथलीच.’

‘मग मी काय करायचं होतं?’

‘माझ्याशी बोलायचं ना. “अगं, कधीची शोधतेय तुला” म्हणायचं आणि चालायला लागायचं. मी आले असते मागून.’

एवढंच. मी पोरांशी बोलत राहिले होते, तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पोलिसांना बोलवू का, हेसुद्धा तिला विचारायचं असतं, हे मला तिथे कळलं. माझ्यासाठी खाकी म्हणजे सुटका. तिच्यासाठी गाडीत भीक मागणं हाच त्या वेळी मुळात रेल्वे कायद्याच्या १४४ व्या कलमाखाली गुन्हा होता, म्हणून खाकी आली की आधी हिशेब तिचाच. गाडीत १३९ आणि बाहेर ११२ हे नंबर मी मोबाइलमध्ये ठेवलेत, ते लागतातही. पण आता आधी तिच्याकडे बघून भुवया उंचावते. ती मान हलवते, हो किंवा नाही.

व्हिडिओचंही तसंच. माझ्या भाचीच्या पिढीला पहिल्यांदा मोबाइल वर धरायची सवय. धरावा, पुरावा लागतो. पण तो तिला द्यायचा, तिनं ठरवायचं. तो चढवून आपण शंभर लाइक घ्यायचे आणि तिच्या गावाकडच्या भावानं तो बघायचा, यात आणि २०१३ मध्ये आमच्या डब्यात वर धरलेल्या त्या मोबाइलमध्ये मला फारसा फरक करता येत नाही.

आणि भीती? ती खोटी नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीच्या आंबोलीत कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस या दोन तरुणांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं. थोड्याच वेळात ती माणसं टोळी घेऊन परत आली. दोघांनाही भोसकलं, दोघंही गेले. आसपास माणसं होती. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. माझ्या मुलाला मी कुणाच्या अंगावर जा असं कधी सांगणार नाही. कोळणीसारखं कर, असं सांगते. हटकू नकोस, शेजारी जाऊन उभा राहा, वेळ विचार, गाडी विचार. आणि एकटा राहू नकोस, बाजूच्याला हाताला धरून म्हण, ‘तुम्ही निळ्या शर्टवाले, माझ्याबरोबर या.’ ‘कुणीतरी या’ म्हटलं की कुणीच येत नाही.

*

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणतातच, की या मंगतीवाल्या कमी दादागिरी करतात का. करतात काही. साडी वर करायची धमकी मीही ऐकलीये, लग्नघरी अडून बसलेल्या टोळ्याही पाहिल्यात, आणि त्या वेळी मला राग आलाय. पैसे द्यायचे नसतील तर देऊ नयेत. पण रिक्षावाल्यानं मीटरपेक्षा जास्त मागितले म्हणून पुढच्या चौकात दुसऱ्याच रिक्षावाल्याला कुणी मारलं, तर आपण ‘त्यांचंच चुकतं’ असं म्हणत नाही. ही सवलत आपण फक्त यांच्या बाबतीत घेतो.

शिवाय टाळी वाजवणाऱ्याच आपल्याला दिसतात. त्या अबोली ड्रेसवालीनं टाळी वाजवली नव्हती, ती कामावरून घरी चालली होती. २०११ च्या जनगणनेत पुरुष किंवा स्त्री न लिहिता ‘इतर’ अशी नोंद झालेले महाराष्ट्रात ४०,८९१ लोक होते. खरे कितीतरी जास्त असणार, घरात आईसमोर बसून गणकाला असं कोण सांगेल? सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचं गाव आहे, तिथे २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे सरपंच म्हणून निवडून आले, तृतीयपंथी. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं तृतीयपंथींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. दारात उभं राहून आत कुणाला सोडायचं ते ठरवणारी माणसं! मला हे फार आवडलं.

आणि जे बाईचे पुरुष झाले, ते तर आपल्या हिशेबातच नाहीत. आमच्या डब्यात आखूड केसांचा, चेक्सचा शर्ट घालणारा एकजण कधीतरी असायचा. ‘ओ, लेडीज आहे’ म्हणून त्याला हाकलत, मग आवाज ऐकून ‘अगं बाई, मुलगीच आहे’ म्हणून हसत. पुढे तो दिसेनासा झाला. जेन्ट्समध्ये गेला असेल तर तिथे त्याला काय म्हणत असतील, हे मी विचारायला गेले नाही.

घरातलं तर आणखी अवघड. गाडीतली माणसं कल्याणला उतरतात, घरातली उतरत नाहीत. आमच्या एका नात्यातल्या मुलाला गौरीच्या सजावटीत फार रस. आठवी-नववीत असेल. साडीच्या निऱ्या माझ्यापेक्षा सुबक घालायचा. त्याच्या काकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘बायल्या झालाय साला, दोन कानाखाली द्या, सरळ होईल.’ सगळे हसले. त्या मुलाच्या हातातल्या निऱ्या तशाच राहिल्या. या वेळी मला मेथीची सोय नव्हती. मी फक्त म्हटलं, ‘अरे, ती डावीकडची निरी जरा खाली आलीये, नीट कर, आणि मग माझ्या महालक्ष्मीलाही तूच नेसवायला ये.’ काका काही बोलले नाहीत. मुलगा आला दुसऱ्या दिवशी, एकटाच, सायकलवर. दोन तास बसला. तो पुढे कोण होईल, मुलगा राहील की नाही, मला माहीत नाही, त्यालाही नसेल. दर वर्षी येतो.

*

मी आता निवृत्त आहे, पण महिन्यातून दोनदा दादरला जाणं होतंच. परवाच्या हिवाळ्यात परतताना तीच संध्याकाळची बदलापूर. जुना ग्रुप पांगला, नवीन मुली आहेत, कानात बोळे घातलेल्या. भाजी कुणी निवडत नाही, निवडलेलीच मिळते म्हणे. मी म्हातारीनं मात्र पेपर पसरला होता.

घाटकोपरला एक चढली. हिरवी साडी, हातात कसलीशी फाइल. आम्ही तिघी बसलेल्या. समोरच्या बाकावरचीनं तिला पाहून पाय पुढे ताणले, म्हणजे इकडे यायला वाट नको. कुणीतरी मागून पुटपुटलं, ‘यांनी पण आता...’ वाक्य पुरं झालं नाही.

छाती धडधडते हो, अजून. एवढ्याशा गोष्टीला. मी हातानं माशी वारली. माझ्या बाजूची सरकेना. ‘सरका जरा,’ मी म्हटलं. ती म्हणाली, ‘कुठे सरकू काकू, जागा आहे का?’ मी म्हटलं, ‘तीस वर्षं होते, होईल.’ ती सरकली, नाक मुरडत, पण सरकली.

हिरवी साडी बसली. एक मांडी अधांतरी, पाय रोवून. फाइल मांडीवर घेतली. मुलुंडपर्यंत काही बोलली नाही, मीही नाही. मग तिनं माझ्या पेपरवरची एक काडी उचलली, नखानं दाबून पाहिली.

‘जून आहे मेथी,’ ती म्हणाली. ‘केवढ्याला दिली?’

‘वीसला.’

‘फसवलं तुम्हाला,’ असं म्हणून तिनं अर्धी जुडी स्वतःच्या मांडीवर ओढली.